आजींची उंची किती?

मे महिन्यातली संध्याकाळ, सोलापूरची. उन्हं कलली तरी भिंतींचा चटका ओसरलेला नव्हता. आयसीयूच्या काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर एक कुटुंब बसून होतं. पिशवीत कडक भाकरी नि शेंगाचटणीचा डबा होता, पण त्याला दुपारपासून कुणी हात लावलेला नव्हता. दार अर्धं उघडलं आणि सिस्टरांनी विचारलं, “आजींची उंची किती असेल हो?” थोरला मुलगा उठून उभा राहिला. युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर, कामावरून तसाच आलेला, मापाची टेप अजून गळ्यातच. त्यानं तळहात आडवा केला, स्वतःच्या खांद्याला टेकवला आणि म्हणाला, “इथपर्यंत लागती बघा सिस्टर.” सिस्टरांचं पेन कागदावर तसंच थांबलं. शाळेतल्या पोरावर एक नजर टाकून त्याला कितव्या नंबरची पँट बसेल हे सांगणारा तो माणूस. आईची उंची मात्र त्याच्याकडे हातानं दाखवण्यापुरतीच होती.

तो खांद्याला टेकलेला हात नंतर बरेच दिवस डोळ्यांसमोरून हलला नाही. आपल्याकडे बाईची उंची मोजायची वेळ येते कधी? पुरुषाची भरतीच्या मैदानावर मोजली जाते, पोरांची शाळेच्या तपासणीत. बाईचं लुगडं तिच्या उंचीला विचारत नाही. नऊवार म्हणजे नऊवार, पाचवार म्हणजे पाचवार, उरलेलं खोचून घ्यायचं. झंपराला छाती, दंड, बाही एवढी मापं पुरतात. बाळंतपणात वजन होतं, दवाखान्यात शुगर-बीपी होतं. आजींनी उमेदीची सगळी वर्षं सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या. मान खाली, पाठ पुढे. पाठीला आलेला बाक घरातल्या सगळ्यांना ठाऊक होता, पण तो येण्याआधी त्या केवढ्या होत्या हे कुणालाच आठवत नव्हतं. आणि नेमका तोच आकडा आत मशीनला हवा होता.

फुप्फुसांचा आकार ठरतो तो उंचीवरून आणि बाई-पुरुष यावरून. माणूस पन्नाशीचा असताना ऐंशी किलोचा झाला म्हणून छातीतली फुप्फुसं मोठी होत नाहीत, वाढते ती चरबी. म्हणून व्हेंटिलेटर लावताना काट्यावरचं वजन बाजूला ठेवतात आणि उंचीवरून एक वेगळं वजन काढतात. पुरुषासाठी ५० आणि बाईसाठी ४५.५ हा पाया. उंची १५२.४ सेंटिमीटरहून जितकी जास्त, तितके सेंटिमीटर गुणिले ०.९१ त्यात मिळवायचे. कमी असेल तर वजा करायचे. १४८ सेंटिमीटरच्या बाईचं असं वजन येतं साडेएक्केचाळीस किलो, मग काटा ६५ दाखवो नाहीतर ८०. आजारी फुप्फुसाला दर किलोमागे ६ मिलीलिटर, म्हणजे एका श्वासाला २५० मिलीलिटर हवा. आजींच्या फाइलवर उंचीची जागा कोरी होती, ‘वजन अंदाजे ६५’ एवढंच लिहिलेलं होतं आणि मशीन ४५० वर चालू होतं. ४५० हा आकडा सगळीकडे दिसतो, कारण तो मधला वाटतो, कुणाला फार खटकत नाही. पण या आजींसाठी तो किलोमागे जवळजवळ ११ मिलीलिटर होता.

अडीचशे मिलीलिटर. पाण्याचा एक पेला.

नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा उतरतो. माणूस गुदमरतोय नि तुम्ही हवा कमी करताय? “मशीन फुल्ल ठेवा की ओ,” असं कुणीतरी म्हणतंच. त्यात त्यांचं काही चुकत नाही. तहानलेल्याला पाणी, भुकेल्याला भाकरी, तसं दम लागलेल्याला हवा. ही समजूत फार जुनी आहे, आणि पुष्कळ वर्षं ती डॉक्टरांचीही होती. खरं तर धडधाकट माणूस शांत बसलेला असतानाही एका श्वासात किलोमागे साधारण एवढीच हवा घेतो. फरक असतो तो हवा आत कशी येते यात. आपण श्वास घेतो तेव्हा छाती नि पोटामधला पडदा खाली सरकतो, छाती फुलते आणि हवा आत ओढली जाते. मशीन हवा ओढत नाही, ढकलते. त्या ढकलण्याला जागा न मिळाल्यास ती आपली जागा करून घेते.

हे ढकलणं मोठ्या प्रमाणावर सुरू झालं १९५२ साली, कोपनहेगनमध्ये. पोलिओची साथ होती. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे नि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले रोगी येत होते आणि पहिल्या ३१ जणांपैकी २७ दगावले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडवून नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिला श्वास दिला. पुढे कित्येक महिने सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, पिशव्या दाबत बसले. आजच्या प्रत्येक आयसीयूचं मूळ त्या पिशवीत आहे. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या रोग्यांचे स्नायू गेले होते, फुप्फुसं बहुतांशी शाबूत होती. भूल देतानाही तेच. शाबूत फुप्फुस मोठा श्वास काही काळ सोसतं, म्हणून किलोमागे १० ते १५ मिलीलिटर देण्याचा रिवाज पडला, आणि तोच रिवाज उचलून न्यूमोनियानं, जंतुसंसर्गानं किंवा मार लागून सुजलेल्या फुप्फुसांना लावला गेला. या सुजेचं पहिलं नीट वर्णन १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं, बारा रोग्यांवरून. आज तिला एआरडीएस म्हणतात.

सुजलेल्या फुप्फुसात नेमकं काय झालेलं असतं, ते आधी धडधाकट फुप्फुस पाहिल्याशिवाय कळत नाही. सगळे वायुकोश, म्हणजे फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे, उलगडून पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटर भरतात. सोलापूरच्या माणसाला सांगायचं तर साठ बाय नव्वद इंची वीस चादरी, आणि त्यांची जाडी केसापेक्षा कितीतरी कमी. एआरडीएसमध्ये या पडद्यातून पाणी झिरपतं. रोगी उताणा असतो, त्यामुळे पाठीकडचा भाग त्या ओल्या वजनाखाली दबून मिटतो. १९८० च्या दशकात इटलीतल्या लुचियानो गॅटिनोनी यांनी अशा रोग्यांचे सीटी स्कॅन पाहिले तेव्हा कळलं की हवा खेळेल असा भाग मोठ्या माणसातही पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरतो. त्यांनी त्याला ‘बेबी लंग’ म्हटलं. म्हणजे फुप्फुस सगळीकडून सारखं कडक झालेलं नसतं, ते लहान झालेलं असतं. पहिलीतल्या पोराचा युनिफॉर्म मोठ्या माणसाला चढवला तर काय होईल ते कटिंग मास्टरला सांगावं लागणार नाही. कापड तेच, मजबूत, पण शिवण जिथं शिवणीला मिळते तिथंच पहिल्यांदा उसवते. फुप्फुसातही उघड्या आणि मिटलेल्या भागांच्या सीमेवर ताण सगळ्यात जास्त पडतो.

इजा दोन वाटांनी होते. एक अतिताणानं: कोश इतका फुगतो की त्याच्या भिंतीला चिरा जातात आणि पाणी आणखी झिरपतं. दुसरी घासाघाशीनं: श्वास सोडताना मिटलेला ओला कोश पुढच्या श्वासाला ओढून उघडावा लागतो, मिनिटाला वीस-पंचवीस वेळा, दिवसाला तीसेक हजार वेळा. १९७४ मध्ये वेब आणि टियर्नी यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात हे दोन्ही उघड दिसलं. ४५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबानं श्वास दिलेल्या उंदरांची फुप्फुसं तासाभराच्या आत पाण्यानं भरली. दाब तेवढाच, पण श्वास सोडल्यावरही १० सेंटिमीटर दाब आत राखून ठेवला, तर कोशांत पाणी भरलं नाही. हा राखलेला दाब म्हणजे पीप. दार पूर्ण मिटू न देता पायानं अडवून धरावं तसा. तिसरा परिणाम उशिरा लक्षात आला: दुखावलेलं फुप्फुस दाहाची रसायनं रक्तात सोडतं आणि मग मूत्रपिंडं, यकृत, हृदय एकामागून एक हार मानतात. एआरडीएसमध्ये पुष्कळ रोगी ऑक्सिजन कमी पडून जात नाहीत, ते असे एकेक अवयव थकत जाऊन जातात.

हे सगळं माहीत असूनही हात आखडता घ्यायला २००० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ८६१ रोगी, एका गटाला उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे १२ मिलीलिटर, दुसऱ्याला ६. मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के मृत्यू, छोट्या श्वासाच्या गटात ३१. पण त्या अभ्यासातला सगळ्यात अस्वस्थ करणारा तपशील वेगळा आहे. पहिल्या तीन दिवसांत रक्तातला ऑक्सिजन चांगला दिसत होता तो मोठ्या श्वासाच्या गटात. रात्रीच्या पाळीतल्या डॉक्टरनं कागदावर पाहिलं तर त्याला हायसं वाटावं असे आकडे, आणि तेच रोगी जास्त संख्येनं मरत होते. याच्या आधीच्या काळात किती जणांनी किती रात्री असे सुंदर आकडे पाहून समाधानानं घरचा रस्ता धरला असेल? त्यांचा हेतू चांगला होता. हे वाचून मन दुखतंच.

आता आजींच्या मशीनकडे.

श्वास ४५० वरून २५० वर आणायचा तर मिनिटाला १६ श्वासांनी भागत नाही. ते २८ करावे लागतात, म्हणजे मिनिटाची एकूण हवा सातएक लिटर राहते. ३५ पर्यंत जाता येतं, पण मग स्क्रीनवरची प्रवाहाची रेघ श्वास सोडताना शून्यावर टेकते की नाही ते पाहायचं. टेकली नाही तर हवा आत साठत चालली आहे. एवढं करूनही कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि रक्त थोडं आम्लाकडे झुकतं. पीएच ७.२५-७.३० च्या आसपास असेल तर ते सोसायचं, मेंदूला सूज वगैरे नसेल तर. इथे एक छोटी वस्तू फार नडते. नळी आणि मशीनच्या सांध्यावर जो ओलावा धरणारा फिल्टर लावतात, त्याच्या पोटात पन्नास-साठ मिलीलिटर हवा अडकते. पाचशेच्या श्वासात ती खपून जाते, अडीचशेच्या श्वासात पाचवा हिस्सा तिथेच वाया जातो. फिल्टर काढून गरम पाण्याचा ह्युमिडिफायर लावला आणि जास्तीची जोडनळी काढली, तर एकही बटण न दाबता कार्बन डायऑक्साइड उतरतो.

मग प्लॅटो प्रेशर. श्वास आत गेल्यावर अर्धा सेकंद हवा थांबवून धरायचं बटण जवळजवळ प्रत्येक मशीनवर असतं, आणि ते दाबायचा कंटाळा बहुतेक ठिकाणी केला जातो. रोगी स्वतः जोर लावत नसताना ते दाबलं की दाबाची रेघ शिखरावरून खाली उतरून सपाट होते. ती सपाट रेघ म्हणजे कोशांवरचा खरा दाब. तो पाण्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत हवा. शिखर ३८ आणि सपाट रेघ २४ असेल तर खोट नळीत शोधायची: कफाचा खडा, दाताखाली आवळलेली नळी, पिळा पडलेला पाइप, दम्याची घरघर. शिखर ३८ आणि सपाट ३६ असेल तर खोट फुप्फुसात आहे. ४५० वर आजींची सपाट रेघ ३६ होती, पीप १०. म्हणजे प्रत्येक श्वासाला २६ चा धक्का. २५० वर ती २४ झाली, धक्का १४. हा धक्का पंधराच्या आत ठेवावा असं अलीकडे मानतात. एकाच फुप्फुसाला, एकाच रोग्याला, फक्त एक आकडा बदलून एवढा फरक पडतो, आणि त्यासाठी बाहेरच्या बाकावर जाऊन उंची विचारावी लागते.

छोटा श्वास रोग्याला आवडत नाही हेही खरं. झोपेचं औषध उतरलं की तो हवा मागतो, आणि मशीन एका श्वासावर दुसरा श्वास चढवते. स्क्रीनवर दोन डोंगर चिकटून दिसतात. बटणावर २५० लिहिलेलं, आत गेलेले ५००. फक्त लावलेला आकडा फाइलवर उतरवणाऱ्याला हे कधीच कळत नाही. अशा वेळी श्वासाची लांबी थोडी वाढवायची, सपाट रेघ ३० च्या आत राहत असेल तर किलोमागे ७-८ पर्यंत जायचं, नाहीतर गुंगी वाढवायची. रोग्याशी भांडून छोटा श्वास देता येत नाही. आणि दाबाचा अलार्म एकाएकी कोकलायला लागला, रक्तदाब कोसळला, एका बाजूची छाती हलेनाशी झाली, तर फुप्फुस फुटून हवा बाहेर साठली आहे हे आधी धरायचं. त्याच्या आगेमागे कधी मानेच्या कातडीवर बोट दाबलं की वाळलेलं तेंदूपान चुरगळावं तशी बारीक चरचर लागते. ती एकदा बोटाला लागली की बोट विसरत नाही. छातीत नळी घालून, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ती हवा काढेपर्यंत कुणाचाच जीव थाऱ्यावर नसतो.

पंढरपूरहून, बार्शीहून तास-दीड तास अँब्युलन्समध्ये येणाऱ्या रोग्यांबद्दल लिहायलाच हवं. व्हेंटिलेटर नसतो, अँबूची पिशवी असते, आणि ती दाबणारा हात घाबरलेला असतो. मोठ्यांची पिशवी दीड लिटरची. दोन्ही हातांनी आवळली तर सहाशे-सातशे मिलीलिटर सहज जातात, तेही मिनिटाला तीस-चाळीस वेळा. पिशवी एका हातानं, छाती जेमतेम उचललेली दिसेल इतकीच दाबायची; मग सोडून, पुन्हा भरू देऊन, पुढचा श्वास. पीपचा छोटा व्हॉल्व्ह मिळाला तर लावायचा. सोलापुरात पोचल्यावर नळी एका पाइपावरून दुसऱ्यावर घेताना क्षणभर चिमट्यानं बंद करायची, कारण पीप सुटला की तासाभरात कष्टानं उघडलेले कोश दोन-तीन श्वासांत मिटतात. हे सगळं हातानं शिकायचं काम आहे. कोपनहेगनच्या त्या विद्यार्थ्यांना तळहातालाच कळायचं म्हणे, आज फुप्फुस कालच्यापेक्षा कडक लागतंय.

दुसऱ्या दिवशी आजींना पालथं केलं. दोन चादरी लागतात, एक खाली, एक वर, दोघींचे काठ एकत्र गुंडाळून घट्ट धरायचे, की रोगी मधे अलगद बांधला जातो. पाच माणसं: डोक्याशी एक, ज्याचं लक्ष फक्त नळीवर आणि ज्याच्या तोंडून आकडे मोजले जातात, बाकी दोन-दोन बाजूला. पोट आधी रिकामं करायचं, डोळ्यांना मलम लावून पापण्या चिकटवायच्या, ईसीजीचे तार पाठीवर घ्यायचे. सरकवायचं, कुशीवर आणायचं, थांबायचं, पालथं करायचं. नळी दाताशी २१ सेंटिमीटरवर होती ती २१ वरच आहे का पाहायचं. मग निदान सोळा तास तसंच. २०१३ च्या फ्रेंच-स्पॅनिश अभ्यासात ४६६ रोग्यांमध्ये अशा सोळा तासांनी २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. औषध काही नाही, पाठीकडच्या मिटलेल्या कोशांवरचं वजन उतरतं आणि ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. गाल, हनुवटी, गुडघे यांवर व्रण येऊ नयेत म्हणून मान नि हात दर दोन तासांनी बदलायचे. हे सगळ्यात कंटाळवाणं काम सिस्टर नि मामा लोक करतात, आणि पालथं घालण्याचं यश त्यांच्याच हातात असतं.

पण पहिल्या संध्याकाळची गोष्ट अर्धी राहिली. खांद्यापर्यंत, हे उत्तर सिस्टरांना चालणार नव्हतं. आत टेप नव्हती, शोधूनही मिळेना. मुलाच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं गळ्यातली काढून दिली, सिस्टरांनी ती स्पिरिटनं पुसून घेतली. पाठीला बाक असलेल्या माणसाला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजण्यात अर्थ नसतो. हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ पसरायचा आणि गळ्याखालच्या खळग्यापासून मधलं बोट नि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत मोजायचं. बाईसाठी त्याला १.३५ नं गुणून ६०.१ मिळवायचे. पाठ वाकते, हाताची हाडं लांबी सोडत नाहीत. टेप ६५ वर थांबली. उंची १४८. सिस्टरांनी आकडा फाइलवर लिहिला, मशीनच्या कडेला चिकटपट्टीवर पुन्हा लिहिला, आणि टेप परत द्यायला बाहेर आल्या.

“किती भरलं?” मुलानं विचारलं.

“एकशे अठ्ठेचाळीस.”

“म्हंजे अठ्ठावन्न इंच.” त्यानं टेप घेतली, गळ्यात घातली नाही. बाकामागच्या भिंतीशी जाऊन टेपचं टोक बुटानं जमिनीवर दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं ती वर नेत अठ्ठावन्नवर बोट टेकवलं. मग स्वतः भिंतीला लागून उभा राहिला. बोट खांद्यापाशी नव्हतं, हनुवटीला लागत होतं.